घोड्यांच्या सोबतीने मानसिक आघातावरचे उपचार: अमेरिकेतल्या माजी सैनिकांसाठी आणि आपत्कालीन सेवेतल्यांसाठी

मी न्यू जर्सीत पॅरामेडिक आहे. २०२० च्या वसंतात रुग्णवाहिकेत काय काय पाहिलं ते इथं उगाळत बसत नाही. त्यानंतर झोप उडाली, गर्दीत पाठ भिंतीला लावल्याशिवाय उभं राहवेना, आणि थेरपिस्टसमोर खुर्चीत बसलं की तोंडातून शब्द फुटेना. शेवटी तिनंच घोड्यांसोबत चालणारा एक गट सुचवला. त्या गटात निम्मे माजी सैनिक होते. बाकी आम्ही पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिकावाले.

तेव्हापासून मराठी मंडळातल्या ओळखीतून फोन येतात. कुणाचा मुलगा अमेरिकी सैन्यातून परत आलाय, कुणाची सून ९११ च्या, म्हणजे आपत्कालीन फोनच्या, कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी करते. प्रश्न सगळ्यांचे सारखेच, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

एक खुलासा आधीच करते. आपली घोड्याशी ओळख माथेरानच्या फेरीपुरती, फार तर वरातीपुरती. इथं बहुतेक वेळा घोड्यावर बसायचंच नसतं. घोड्यापाशी उभं राहायचं, त्याला खरारा करायचा, दोरी धरून चालवायचं, आणि हे सगळं करताना आपलं काय होतंय ते थेरपिस्टसोबत बघायचं.

१. आज तबेल्याची गरज आहे की तातडीच्या मदतीची?

जीव द्यावा असे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि ९८८ या अमेरिकेतल्या संकटकालीन हेल्पलाइनवर फोन करा. माजी सैनिकांनी फोन लागल्यावर १ दाबायचा. घोड्यांचे चांगले कार्यक्रमसुद्धा अशा अवस्थेत लगेच प्रवेश देत नाहीत, आधी स्थिर व्हायला सांगतात. तो नकार मनाला लावून घेऊ नका.

दुसरी गोष्ट, पीटीएसडीवर, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजारावर, ज्या उपचारांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे ते उपचार वेगळे आहेत. व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचं खातं, आणि संरक्षण खातं यांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रोलाँग्ड एक्सपोजर, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी आणि ईएमडीआर हे तीन मानसोपचार पुढे ठेवलेत. घोड्यांच्या बाबतीत पुरावा अजून थोडा आहे. त्यातला बरा अभ्यास कोलंबिया विद्यापीठाचा, ‘मॅन ओ’ वॉर प्रकल्प’ नावाचा. त्यात ६३ माजी सैनिक होते, आठवड्यातून एकदा ९० मिनिटांचं सत्र, अशी ८ सत्रं. २०२१ साली निष्कर्ष छापून आले: उपचार संपले तेव्हा निम्म्या लोकांत ठळक सुधारणा होती आणि तीन महिन्यांनीही ती टिकून होती. अर्धवट सोडून जाणारेही फार कमी होते, आणि मला हा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्यासारखी माणसं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर थेरपी सोडून देतात. पण या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे ‘घोड्यांनी पीटीएसडी बरा होतो’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध व्हा.

माझं मत सांगते: चालू थेरपी आणि गोळ्या सोडून इकडे येऊ नका, त्यांच्या जोडीला या.

२. एकाच पाटीखाली चार वेगळ्या गोष्टी मिळतात

इंटरनेटवर ‘इक्वाइन थेरपी’ शोधलंत की सगळं एकत्रच समोर येतं. घोटाळा इथूनच सुरू होतो.

हिप्पोथेरपी: फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपिस्ट घोड्याच्या चालीचा उपयोग शरीराच्या उपचारासाठी करतात. तोल, स्नायू, उच्चार वगैरे. आघाताशी थेट संबंध नाही.

अ‍ॅडॅप्टिव्ह रायडिंग: अपंगत्व असलेल्यांना घोडेस्वारी शिकवणं. पाय गमावलेल्या सैनिकासाठी ही मोठी गोष्ट असते, पण शिकवणारा प्रशिक्षक असतो, थेरपिस्ट नव्हे.

इक्वाइन असिस्टेड लर्निंग: संवाद, नेतृत्व, आत्मविश्वास वगैरे शिकवणारी शिबिरं. शनिवार-रविवारची, बरेचदा फुकट. छान असतात. पण तिथं जुनी जखम उघडली तर ती बांधणारं कुणी असेलच असं नाही.

इक्वाइन असिस्टेड सायकोथेरपी: आपल्याला हवी ती ही. इथं राज्याचा परवाना असलेला मानसोपचारतज्ज्ञ किंवा काउन्सेलर प्रत्येक सत्रात हजर असतो आणि सोबत घोड्यांची जाण असलेला वेगळा माणूस. एकाचं लक्ष तुमच्यावर, दुसऱ्याचं घोड्यावर.

फोनवर थेट विचारा, ‘ही सायकोथेरपी आहे का, आणि सत्रात परवानाधारक थेरपिस्ट कोण असतं?’ उत्तर गोल गोल आलं तर पुढचा नंबर लावा.

३. घोड्याआधी माणूस तपासा

दोन संस्थांची नावं तुम्हाला सतत दिसतील. पाथ इंटरनॅशनल १९६९ पासून आहे, केंद्रांना मान्यता आणि प्रशिक्षकांना प्रमाणपत्रं देते, आणि माजी सैनिकांसाठी काम करणारी तिची बरीच केंद्रं आहेत. इगाला १९९९ साली सुरू झाली. तिच्या पद्धतीत स्वारी नसते, सगळं जमिनीवरच, आणि थेरपिस्ट व घोडेतज्ज्ञ अशी जोडी सक्तीची. दोन्हींच्या संकेतस्थळावर आपल्या भागातली नावं शोधता येतात.

यातला सापळा असा, की या संस्थांचं प्रमाणपत्र म्हणजे मानसोपचाराचा परवाना नव्हे. परवाना राज्य देतं. भिंतीवर चौकटीत लावलेली कितीही सर्टिफिकेटं असली तरी नावापुढे एलसीएसडब्ल्यू (सोशल वर्कर), एलपीसी (काउन्सेलर), एलएमएफटी (कौटुंबिक थेरपिस्ट) अशी परवान्याची अक्षरं किंवा सायकॉलॉजिस्ट असं काही आहे का ते बघा आणि ते नाव राज्याच्या परवाना मंडळाच्या यादीत टाकून तपासा. न्यू जर्सीत ही यादी डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सच्या संकेतस्थळावर आहे. परवाना चालू आहे की नाही, कधी कारवाई झाली का, हे पाच मिनिटांत कळतं. ‘लाइफ कोच’ किंवा ‘हॉर्स हीलर’ अशा पदव्यांना परवाना लागत नाही, म्हणून त्या कुणीही लावतं.

आणखी काय विचारायचं:

- थेरपिस्टनं याआधी सैनिक, पोलीस, अग्निशमन दलवाल्यांसोबत काम केलंय का? ‘त्या दिवशी काय झालं ते सगळं सांगा’ असं पहिल्याच दिवशी म्हणणारा नको.
- गट किती जणांचा? चार-पाच ठीक. दहा-बारा झाले तर तो कार्यक्रम होतो, उपचार होत नाही.
- दर वेळी घोडे तेच असतात का? असावेत.
- जवळपास गोळीबाराची रेंज किंवा शिकारीचं रान आहे का? हा प्रश्न कुणाला सुचत नाही. शेतं गावाबाहेर असतात आणि नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचे बार ऐकू येतात.
- पाळी बदलली आणि एखादं सत्र चुकलं तर काय?

जमलं तर आधी एकदा नुसतं बघायला जा. घोड्यांची हाडं दिसतायत का, पाणी स्वच्छ आहे का, घोडा माणूस आला की मागे सरकतो की मान पुढे करतो. जनावरं दमलेली, चिडकी असतील तर तिथं तुमचंही भलं व्हायचं नाही.

४. पैशाची बाजू

विमा कंपनी घोड्याचे पैसे देत नाही. पण परवानाधारक थेरपिस्ट तुमच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये असेल आणि सायकोथेरपी म्हणून बिल लावत असेल, तर तो भाग मिळू शकतो. बिलावर नेमकं काय लिहिणार ते सुरुवातीलाच विचारून घ्या.

माजी सैनिकांसाठी बरेच कार्यक्रम देणग्यांवर चालतात आणि विनामूल्य असतात. व्हीएच्या अ‍ॅडॅप्टिव्ह स्पोर्ट्स अनुदानातून घोड्यांच्या कार्यक्रमांनाही पैसे मिळतात, मात्र ते संस्थेला, व्यक्तीला नाही. म्हणून व्हीएत फॉर्म भरत बसू नका; केंद्रालाच विचारा, ‘अनुदानातल्या जागा आहेत का?’ जवळचं व्हेट सेंटर, म्हणजे व्हीएचं माजी सैनिकांसाठीचं समुपदेशन केंद्रही गाठा. लढाईच्या भागात राहून आलेल्यांना तिथं काउन्सेलिंग फुकट मिळतं, घरच्यांनाही मिळतं, आणि तिथल्या नोंदी तुमच्या संमतीशिवाय व्हीए किंवा सैन्याकडे जात नाहीत. स्थानिक घोड्यांचे कार्यक्रम त्यांना बहुधा माहीत असतात.

पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिकावाल्यांनी आपल्या खात्याची पीअर सपोर्ट टीम (सहकाऱ्यांना आधार देणारे सहकारी) आणि कर्मचारी साहाय्य योजना बघावी. काही राज्यांत पीटीएसडी हा नोकरीतूनच झालेला आजार मानण्याचा कायदा आहे. कॅलिफोर्नियात तो १ जानेवारी २०२० पासून अग्निशमन आणि पोलीस कर्मचाऱ्यांना लागू झाला. तुमच्या राज्यात काय आहे ते युनियनच्या माणसाला विचारा.

इथंच नोकरीच्या भीतीबद्दलही सांगते, कारण लोक पैशापेक्षा तिलाच जास्त घाबरतात. तुम्ही स्वतःहून घेतलेली थेरपी गोपनीय असते. जिवाला धोका असण्यासारखे कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर थेरपिस्ट तुमच्या साहेबांना काही कळवत नाही. खात्यानं करायला लावलेली ‘फिटनेस फॉर ड्यूटी’ (कामाला योग्य आहात का) तपासणी ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, तिचा अहवाल खात्याकडेच जातो. या दोन्हींची गल्लत करू नका. गटातल्या इतर सहभागींवर मात्र थेरपिस्टसारखं कायद्याचं बंधन नसतं. एकाच ठाण्यातले दोघे एका गटात नकोत, असं आधीच सांगून ठेवता येतं.

५. कागदपत्रं

- माजी सैनिकांसाठी डीडी-२१४ ची, म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना मिळणाऱ्या सेवेच्या दाखल्याची, प्रत. हरवली असेल तर नॅशनल आर्काइव्ह्जकडून विनामूल्य मिळते. पैसे घेऊन मिळवून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. केंद्राला देताना सोशल सिक्युरिटी क्रमांक झाका. डिस्चार्ज ‘ऑनरेबल’ (सन्मानपूर्वक) नसला तरी विचारून बघा, बऱ्याच खासगी संस्था त्यावर अडत नाहीत.
- सेवेत असलेल्यांसाठी ओळखपत्र.
- डॉक्टरांची परवानगी. घोड्याची किंवा गवताच्या धुळीची अ‍ॅलर्जी, दमा, फिट्स, पाठीची शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काहीही लपवू नका. वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन घेत असाल तर ते आवर्जून सांगा. त्यानं उठताना चक्कर येऊ शकते आणि तुम्ही अर्ध्या टनाच्या जनावराशेजारी उभे असणार आहात.
- धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं त्याची तारीख.
- विम्याचं कार्ड, चालू औषधांची यादी, तातडीच्या वेळी कळवायच्या माणसाचा नंबर.

सही करायचे कागद दोन प्रकारचे असतात. एक, जोखीम मान्य असल्याचा. बहुतेक राज्यांत घोड्यांच्या धंद्याला संरक्षण देणारे कायदे आहेत, त्यामुळे हा टळत नाही. शांतपणे वाचून सही करा. दुसरा, फोटो वापरण्याच्या संमतीचा. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांना घोड्याच्या मानेला मिठी मारून रडणाऱ्या सैनिकाचा फोटो हवाच असतो. या कागदावर ‘नाही’ लिहिलंत तरी प्रवेश नाकारता कामा नये. दोन्ही कागद एकात एक गुंफून दिले तर वेगळे करून मागा.

६. काय घालायचं, काय घरी ठेवायचं

टाच असलेले, पुढून बंद, जाड बूट, ड्यूटीचे चालतील. पूर्ण लांबीची पँट. लोंबणारं काही नको: स्कार्फ, लांब कानातले, मोठं मंगळसूत्रही नको. हेल्मेट केंद्र देतं. सायकलचं चालत नाही.

पिस्तूल घरी, कुलपात. सुट्टीच्या दिवशीही कंबरेला शस्त्र लावणारे पोलीस आणि माजी सैनिक आमच्या गटात होते, आणि पहिल्याच दिवशी फाटकावर यावरून वाद झाला. गाडीच्या खणात ठेवून चालेल का, हे आदल्या दिवशी फोनवर विचारा. पेजर, रेडिओ बंद. सर्व्हिस डॉग असेल तर आधी कळवा. आणि आदल्या रात्रीची दारू पूर्ण उतरली नसेल तर जाऊच नका.

७. पहिला दिवस: घोड्यापाशी कसं उभं राहायचं

घोडा हा शिकार होणारा प्राणी. वाघाकडून खाल्लं जाऊ नये म्हणून त्याचं सगळं शरीर घडलंय. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळपास ३५० अंश दिसतं. फक्त कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग दिसत नाही. म्हणून थेट समोरून किंवा मागून जायचं नाही. डाव्या खांद्याच्या बाजूनं, तिरकं, बोलत बोलत जायचं. आधी हाताची पालथी बाजू हुंगू द्यायची, मग मानेवर हात ठेवायचा.

मागून ओलांडायचंच असेल तर दोनच जागा सुरक्षित: एक तर अगदी चिकटून, त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून, किंवा लाथ पोचणार नाही इतकं लांबून. मधलं अंतर सर्वांत वाईट.

हॉल्टर म्हणजे तोंडाला अडकवायची म्होरकी. तिला जोडलेली दोरी हाताभोवती कधीही गुंडाळू नका. घोडा उधळला तर बोटं जातील. दोरीच्या घड्या करून मुठीत धरायच्या. पायाशी काम करताना मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसायचं नाही, उकिडवं बसायचं, म्हणजे पटकन उठता येतं.

कान बघत राहा. कान तुमच्याकडे वळले तर लक्ष तुमच्याकडे आहे. मानेला चिकटून मागे पडले तर ती धमकी, तिथून हळू मागे व्हा. एक मागचा पाय सैल सोडून खुराच्या टोकावर टेकवलाय म्हणजे तो बहुधा विसावलाय. नवखे लोक यालाच लाथेची तयारी समजून दचकतात.

‘घोड्याला तुमच्या मनातलं कळतं’ असं तुम्हाला तिथं हमखास ऐकायला मिळेल. मी यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही. त्याला तुमचं शरीर कळतं: अडवलेला श्वास, ताठ खांदे, एकटक नजर. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले, तेव्हा रागावलेल्या चेहऱ्याला त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. आपल्यासाठी एवढं पुरे आहे. ‘मी ठीक आहे’ हे साहेबांना, बायकोला, आईला पटवता येतं. जबडा आवळून उभ्या असलेल्या माणसासोबत घोडा मात्र पुढे पाऊल टाकत नाही. मग थेरपिस्ट हळूच विचारते, ‘आत्ता श्वास कुठं अडकलाय?’ आणि उत्तर द्यायला काल-परवाचं काही सांगावं लागत नाही.

पहिल्या दिवशी काहीच वाटलं नाही, नुसती घोड्याची भीती वाटली किंवा सगळं पोरकट वाटलं, तरी चालतं. आमच्यातला एक अग्निशमन दलातला माणूस दोन सत्रं कुंपणाबाहेरच उभा होता. कुणी आत ये म्हटलं नाही.

८. मधले आठवडे

क्रम साधारण असा असतो: कळपाचं निरीक्षण, खरारा, दोरी धरून चालवणं, मग अडथळ्यांतून नेणं, शेवटी दोरी न लावता गोल कुंपणात घोड्याला आपल्यासोबत चालायला लावणं. खरारा वाटतो तितका किरकोळ नाही. आधी रबरी खरारा गोल गोल फिरवून माती सुटी करायची, मग कडक ब्रश, मग मऊ, शेवटी खुरातला चिखल आकड्यानं काढायचा. हात एका लयीत चालतात, नजर समोर जिवंत उबदार अंगावर असते, आणि शेजारी उभ्या माणसाकडे न बघता बोलता येतं. समोरासमोरच्या खुर्च्यांत जे निघत नाही ते इथं निघतं.

तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर काही दिवस वाईट जाऊ शकतात. स्वप्नं वाढतात, चिडचिड वाढते. हे थेरपिस्टला लगेच सांगा, पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. लोक नेमके याच टप्प्यावर गळतात.

रात्रपाळी करून थेट सत्राला जाऊ नका. झोप न झालेल्या माणसाची प्रतिक्रिया मंद असते आणि घोड्याची वेगवान.

स्वारीचा टप्पा असेल तर वजनाची मर्यादा विचारा. सर्वसाधारण नियम असा, की घोड्यानं खोगिरासकट स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंतच ओझं वाहावं. धिप्पाड माणसांना यामुळे नकार मिळतो, त्यात अपमान नाही.

९. घरच्यांसाठी चार शब्द

भारतातून आलेल्या आईला किंवा सासूबाईंना ‘थेरपी’ सांगितलं की त्यांच्या डोळ्यांपुढे वेड्यांचं हॉस्पिटल उभं राहतं. ‘घोड्यांकडे जातोय, झोप लागावी म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढं पुरतं आणि ते खोटंही नाही. परत आल्यावर ‘काय काय बोललास?’ विचारू नका. घोड्याचं नाव विचारा, तो कसा वागला ते विचारा. सांगायचं ते त्यातून येईल. चार जुलैला आणि दिवाळीत फटाके असतील तिथं आग्रह करून नेऊ नका.

१०. सत्रं संपल्यावर

आठ-दहा सत्रांनी गट संपतो. निरोप अचानक आला तर जुनी दुखणी वर येतात, म्हणून शेवटचं सत्र कधी आणि त्यात काय होणार हे निम्म्या वाटेवरच विचारून ठेवा. त्याच आठवड्यात नेहमीच्या थेरपिस्टची वेळ घ्या. बऱ्याच जणांना लगेच तिथं स्वयंसेवक व्हायचं असतं. काही केंद्रं थोडे महिने थांबायला सांगतात आणि ते बरोबर आहे. स्वयंसेवक झालात की तिथली माणसं तुमच्याकडून काम मागणार.

‘भारतात असं कुठं आहे का?’ असं कुणी विचारलं तर मी आधी दुसरंच सांगते. मनोरुग्णालयाचं नाव न घेता बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. सैन्यातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ पासून टेली-मानसचा वेगळा कक्ष आहे. कुणी रायडिंग क्लबात ‘थेरपी’ची पाटी लावली असेल, तर तिथंही दुसऱ्या-तिसऱ्या मुद्द्यातलेच प्रश्न विचारा: परवाना कुणाचा, आणि सत्रात तो माणूस हजर असतो का?